मरून-पिवळ्या जर्सीतला फुलबॅक

दाजी, तुमच्या घराच्या दारात मी अजून थबकतो. परवा रक्षाविसर्जन उरकून आम्ही सगळे कळंब्याला परत आलो. दार सताड उघडं होतं, आत बायका बसल्या होत्या, तरी मी जिन्यात चपला काढत रेंगाळलो आणि दोघं-तिघं पुढे गेल्यावर त्यांच्या पाठीआडून आत शिरलो. आत तुम्ही नाही हे मला ठाऊक होतं. खांदा दिलाय मी. पण गेल्या वर्षभरात मी दारात दिसलो आणि तुम्ही घाबरलात, असं इतक्यांदा झालंय की ती धास्ती माझ्या अंगातून अजून गेलेली नाही.

वर्तमानपत्रांत तुमच्यावर भरपूर छापून आलंय. फोटो जुना आहे, दाट केसांचा, छाती पुढे काढलेला. तुमचे गोल, गोव्यातले हंगाम, गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं ओळीनं दिलंय. एकानं लिहिलंय, 'कुणालाही न घाबरणारा सेंटर फॉरवर्ड'. माझ्या अक्कानं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. मी वाचलं, आवाज नीट ठेवला आणि घडी घालून पेपर टीपॉयवर ठेवला. त्या लिहिणाऱ्याचं काही चुकलं नाही. त्यानं तुम्हाला मैदानाच्या गॅलरीतून बघितलं. मला जे सांगायचंय ते गॅलरीतून दिसणारं नाही, आणि तुम्ही असताना ते मला सांगता आलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा कपाटामागे गेला असता.

मी तुमचा मेहुणा ही ओळख नंतरची. आधी मी शेजारच्या पेठेचा गोलकीपर होतो आणि तुम्ही समोरच्या तालमीचे नऊ नंबर. बाहेरगावच्या माणसाला हे समजावून सांगताना माझी दमछाक होते. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा, मग तिथं फुटबॉलची टीम कशी, असं विचारतात. आमच्याकडे तसंच आहे. ज्या पेठेत जन्मलास त्या तालमीचा, आणि मेलास तरी त्याच तालमीचा. आमची जर्सी आकाशी, तुमची मरून-पिवळी. आमची आई साडीच्या दुकानात मरून घडी उलगडली की म्हणायची, "ती ठेवा आत. घरात कीपर हाय." दुकानदार हसायचा. आई हसायची नाही.

तुमच्याविरुद्ध मॅच असली की आदल्या दिवसापासून आई माझं ताट झाकून ठेवायची. जेवण जायचं नाही. बाकीच्या टीमांचे फॉरवर्ड मी बघून घेत होतो, त्यांना शिव्या देत होतो, त्यांच्या पायांत झोपत होतो. तुमचं तसं नव्हतं. कॉर्नरला तुम्ही आमच्या दोन बॅकच्या मधे उभे राहायचा, आळस आल्यासारखे, आणि बॉल हवेत आला की तुमचं डोकं सगळ्यांच्या वर असायचं. त्या डोक्याला लागलेल्या बॉलचा आवाज मला झोपेत ऐकू यायचा. आणखी एक गोष्ट होती. तुम्ही माझ्याकडे कधी बघायचा नाही. पेनल्टी घेतानासुद्धा नाही. आमच्या पेठेतली पोरं म्हणायची, मस्ती आहे त्याला, कीपरला किंमत देत नाही. मलाही तेच वाटायचं. गोलपोस्टाचा खांब आणि मी, दोघांत तुमच्या लेखी काही फरक नसावा, असं वाटून मी आणखीच गार पडायचो.

अशा माणसाला आमच्या नानांनी जावई करून घ्यावा, याला काय म्हणायचं. नाना आमच्याच गॅलरीत बसायचे, आमच्याच नावानं ओरडायचे, आणि मनातून तुमच्यावर फिदा होते हे मला फार उशिरा कळलं. घरात विषय निघाला तेव्हा मी ताटावरून उठलो. नाना शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, "पोरगं रेफरीच्या अंगावर कधी गेलेलं मी बघितलं न्हाय. तसल्याच्या घरात पोरगी सुखात ऱ्हाईल." मी म्हणालो, "पेठेत तोंड कसं दावायचं?" तर म्हणाले, "तू गोल अडिव. तोंडाचं मी बघतो."

लग्नात मांडवाच्या एका बाजूला तुमच्या तालमीची पोरं आणि दुसऱ्या बाजूला आमची. मधून बायका अक्षता वाटत फिरत होत्या आणि पोरं एकमेकांकडे अशी बघत होती की भटजींनी मंगलाष्टकं भराभर आवरली. माझी अडचण वेगळीच होती. कालपर्यंत ज्याला 'ए नऊ नंबर' म्हणून आई-माईवरून बोलत होतो, त्याला आता 'दाजी, पाणी घ्या' म्हणायचं होतं. माझ्या तोंडातून ते निघेना. तुमच्या ते लक्षात आलं. हात धुवायला गेलो तेव्हा नळापाशी तुम्ही हळूच म्हणालात, "हे बघ, मैदानात दाजी न्हाय बरं का. मैदानात शिवी बी चालंल. घरात तेवढं सांभाळ, तुझ्या अक्काला वाईट वाटतंय." मी मान हलवली. पुढच्याच मॅचला तुम्ही मला दोन गोल घातलेत आणि संध्याकाळी आमच्याकडे जेवायला आलात. अक्कानं तुम्हाला वाढलं, मला वाढलं, आणि दोघांच्याही तोंडाकडे न बघता आत निघून गेली.

तो वादातला गोल त्याच वर्षीचा. त्यावर आपण किती बोललो असू. तुमचा हेडर मी लाईनीवर पकडला. तुम्ही म्हणायचा बॉल आत गेला होता, मी म्हणायचो माझं ढुंगण आत होतं, बॉल बाहेर होता. रेफरीनं गोल दिला नाही. पुढे दोघंही खेळायचं थांबलो, केस गेले, तरी रविवारी मी कळंब्याला आलो की तुम्ही ताटातलं लिंबू बॉल म्हणून मांडायचा आणि पाण्याचे दोन पेले म्हणजे गोलपोस्ट. मग मी लिंबू इकडे सरकवायचो, तुम्ही तिकडे. अक्का वैतागून लिंबूच उचलून न्यायची. हा वाद मिटला नाही. मिटावा असं तुम्हालाही वाटत नव्हतं, आणि मी आजही सांगतो, बॉल बाहेर होता.

गोव्याच्या क्लबानं तुम्हाला करारावर घेतलं तेव्हा पेढे आमच्या पेठेतही वाटले गेले. लपून, पण वाटले गेले. पगार घेऊन फुटबॉल खेळायचा, हे आमच्या गावाला तेव्हा नवीनच होतं. तुमची पहिली मॅच बघायला नाना, अक्का आणि मी जीपनं निघालो. गगनबावड्याच्या घाटात असं धुकं होतं की ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून रस्ता बघत होता, आणि अक्का माझा दंड धरून बसली होती. मला घाटाची भीती वाटत नव्हती. त्या परक्या स्टेडियममध्ये तुम्ही मैदानात उतरलात आणि तुमचं नाव कुणाला माहीत नव्हतं, तेव्हा मात्र वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मला तुमचा गोल व्हावासा वाटत होता. तुम्हाला रिकामा गोल मिळाला आणि तुम्ही बॉल बाहेर मारलात. आमच्या मागच्या बाकावरचा एक माणूस हसला. मी उठून त्याच्याशी भांडलो, नानांनी मला ओढून खाली बसवलं. संध्याकाळी तुमच्या खोलीवर अक्कानं स्टोव्हवर भात टाकला. तुम्ही जेवून भिंतीकडे तोंड करून झोपलात. त्यानंतरच्या मॅचमध्ये तुम्ही गोल केलात, मग करतच गेलात, आणि ते सगळं पेपरात आलंच आहे. मला मात्र तो न झालेला गोल जास्त आठवतो.

गुडघा गेला आणि तुम्ही परत आलात. बँकेत चिकटलात, पेठेकडून अजून दोन-तीन हंगाम खेळलात, धावण्यापेक्षा उभं राहून. मला तेव्हाही तुमची तेवढीच भीती वाटायची, हे तुम्हाला माहीत नव्हतं. मग आपण दोघंही म्हातारे व्हायला लागलो, आणि मला वाटलं की संपलं आता. तुमची भीती वाटण्याचे दिवस गेले. फार बरे होते ते रविवार.

मग तो कळंबा तलावाचा प्रकार झाला. रोजच्यासारखे फिरायला गेलात आणि परत आला नाहीत. अक्काचा फोन आला तसा मी बावड्याच्या साखर कारखान्यातून, कामावरूनच, गाडी काढली. तुम्ही जेलच्या भिंतीला लागून उभे होता, बूट हातात घेऊन. मी म्हणालो, "दाजी, इथं काय करताय?" तुम्ही म्हणालात, "टीमची गाडी आली न्हाय अजून." मला आधी थट्टाच वाटली. तुम्ही थट्टा अशीच करायचा, तोंड न हलवता. मी हसलो. तुम्ही हसला नाहीत. मागं बसवून घरी आणताना तुमचे हात माझ्या खांद्यांवर होते आणि मी इतक्या हळू गाडी चालवत होतो की सायकलवाले पुढे जात होते.

डॉक्टरांना मी विचारलं, हे विसरणं हेडर मारून मारून झालं असेल का. ते म्हणाले, असेलही, नसेलही, एकाचं बघून नक्की सांगता येत नाही. तेव्हापासून मी सकाळी उठलो की आमची जुनी टीम मनातल्या मनात म्हणून बघतो, गोलपासून फॉरवर्डपर्यंत. एखादं नाव अडलं की अंगाला घाम येतो.

पण खरी भीती पुढेच होती. एक दिवस मी डबा घेऊन आलो, बेल वाजवली, अक्कानं दार उघडलं आणि तुम्ही खुर्चीतून उठून थेट कपाटामागे गेलात. "ह्यो कशाला आलाय?" तुम्ही अक्काला विचारलंत. "ह्येला आत कुणी घेतला? पोरं बोलीव. पोरं बोलीव आदी." तुमच्या डोक्यातली वर्षं मागे गेली होती. लग्न झालेलं नव्हतं, मी मेहुणा नव्हतो, दाजी हा शब्दच नव्हता. मी आकाशी जर्सीवाला कीपर होतो आणि तुमच्या घरात घुसलो होतो. अक्काला तुम्ही शेजारची एक चांगली बाई समजत होता, असं माझ्या लक्षात आलं, आणि ती तसंच वागत होती. ती तुमच्यासमोर उभी राहिली, हात पसरून, आणि मला म्हणाली, "बाळू, जा तू. नंतर ये."

मी बाहेर जिन्यात जाऊन बसलो. ज्या माणसासमोर दहा-बारा वर्षं माझी पाचावर धारण बसायची, तो माणूस मला बघून थरथरतो, याचं मला हसू यायला हवं होतं. हसू आलं नाही. मला एवढंच सुचत होतं की हा माणूस मला असाच भीत भीत जाईल एक दिवस. त्या दिवसापासून माझ्या मनात दुसरी भीती राहिली नाही. तुमचं औषध, तुमचा खोकला, तुमचं पडणं, सगळं त्यानंतर.

त्यात अक्काचा हात मोडला. बाथरूममध्ये तुम्हाला सावरताना दोघंही घसरलात, तुम्हाला खरचटलं आणि तिच्या मनगटाला प्लास्टर बसलं. तुमची पोरगी पुण्याहून शनिवार-रविवार यायची, बाकीच्या दिवसांना दाढी-अंघोळ-जेवण करणारं कोण? मीच होतो. आणि मलाच तुम्ही घरात घेत नव्हता. पगारी माणूस ठेवून बघितला, त्याच्या अंगावर तुम्ही ताट फेकलंत.

शेवटी तुमचे बापू आले, तुमच्या टीमचे जुने कॅप्टन. तालमीतल्या पोरांनी पाठवलेली नवी जर्सी घेऊन आले होते आणि स्वतःही तीच घालून आले होते, ढेरीवर ताणून. बापूंना तुम्ही ओळखलं नाहीत. पण जर्सी बघितलीत आणि शेजारी सरकून जागा दिलीत. त्यांच्या हातून चहा प्यायलात, बिस्कीट खाल्लंत. मी आतल्या खोलीच्या पडद्याआडून बघत होतो. बापू जाताना माझ्याकडे आले, पिशवीतून दुसरी एक जर्सी काढली आणि माझ्या छातीवर धरली.

"घाल की," ते म्हणाले.

"काय बोलताय बापू."

"मरतंय व्हय कोण? घाल मर्दा. आमी न्हाय कुणाला सांगत."

तुम्हाला कळलं असतं, दाजी. नीट असता तर तुम्हालाच सगळ्यात आधी कळलं असतं की बापू काय मागत होते. आमच्या पेठेत एक जण पिवळा शर्ट घालून कॉलेजला गेला होता तर त्याला वर्षभर कुणी पास दिला नव्हता. आमच्या गल्लीत तुमच्या रंगाचं फडकं दोरीवर दिसत नाही. मी त्या पेठेचा कीपर. तालमीच्या भिंतीवर माझा फोटो आहे. मी जर्सी घेतली, तिची चौपट घडी घातली आणि दोन दिवस गाडीच्या डिकीत ठेवली. तिसऱ्या दिवशी अक्का फोनवर रडली. मग मी ती अंगात घातली, वरून कामाचा खाकी शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, आणि ऐन उन्हाळ्यात बावड्यापासून कळंब्यापर्यंत शहर ओलांडून आलो. वाटेत प्रत्येक सिग्नलला मला वाटत होतं की शर्टातून रंग बाहेर दिसतोय. तुमच्या जिन्यात शर्ट काढला, बेल वाजवली आणि डोळे मिटले.

तुम्ही मला वरपासून खालपर्यंत बघितलंत. "नवीन हाइस?" तुम्ही विचारलंत.

"व्हय."

"कुठल्या जागी खेळतोस?"

कीपर म्हणायची माझी छाती झाली नाही. "फुलबॅक," मी म्हणालो.

"मग मागंच ऱ्हा," तुम्ही म्हणालात, "हिकडं तिकडं पळू नको," आणि दाढीसाठी हनुवटी वर केलीत.

पुढे रोज तुम्ही हेच विचारायचा आणि मी रोज हेच सांगायचो. फुलबॅक म्हणून मी तुमची दाढी केली, नखं काढली, पेज भरवली, पाठ चोळली. तुम्ही मला अरे-तुरे करायचा, मी तुम्हाला 'नऊ नंबर' म्हणायचो. मधेच माझ्या तोंडून 'दाजी' निघालं तर तुम्ही गोंधळून बघायचा आणि मी घाईनं पुन्हा 'नऊ नंबर' म्हणायचो. अक्का आतून ऐकत असायची. एकदा ती म्हणाली, "तुमा दोघांचं बरं हाय बाबा, तुमची तरी ओळख झाली." तिला तुम्ही अजून शेजारचीच समजत होता.

आमच्या पेठेत ते कळलंच. वरचं एक बटण तुटलं होतं आणि पेट्रोल पंपावर आमच्याच तालमीतल्या एकानं गळ्यापाशी मरून पट्टी बघितली. रविवारी कट्ट्यावर विचारलं गेलं. मी जे होतं ते सांगितलं. चहा आला तेव्हा कुणी मला हाकही मारली नाही. अजून मारत नाहीत. तुमच्या अंत्ययात्रेला मात्र सगळे आले होते, आकाशी जर्सी घालून, मागच्या बाजूला उभे होते. माझ्याशी बोलले नाहीत. तुम्हाला नमस्कार करून गेले.

आता ते सांगतो. तुम्ही कुणाला सांगू नको म्हणाला होता. रागवा हवं तर.

पावसाची उघडीप होती, दुपारची वेळ. मी तुम्हाला घराच्या गॅलरीतल्या खुर्चीत बसवून केस कापत होतो. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर कॉलेजची पोरं बॉल मारत होती. तुम्ही बराच वेळ बघत राहिलात. मग माझ्याकडे न वळता म्हणालात, "उद्याची मॅच हाय न्हवं?"

"हाय की."

"त्येंचा कीपर लई भारी हाय."

माझी कात्री थांबली. मी विचारलं, "कोण कीपर?"

"त्यो आकाशीवाला. मला भ्या वाटतंय त्येचं." तुम्ही हे इतकं सहज म्हणालात, जणू पाऊस येईल म्हणताय. "त्येच्या डोळ्यात बघायचं न्हाय. बघितलं की पाय जड हुत्यात. नुसतं बॉलकडं बघायचं. मॅचआधी मी तालमीच्या मागं जाऊन वकून येतो. बापूला बी ठाव न्हाय. तू कुणाला सांगू नको."

"न्हाय सांगत."

मी कात्री खाली ठेवली. तुमच्या मागे उभा होतो म्हणून बरं, माझं तोंड तुम्हाला दिसत नव्हतं. इतकी वर्षं जिला मी मस्ती समजलो ती ही भीती होती. मी खांबासमान नव्हतो तुमच्या लेखी. आणि ते मला तुम्ही सांगत होता, पण मला सांगत नव्हता, तुमच्या टीममधल्या एका नवख्या फुलबॅकला सांगत होता. मीच तो, असं म्हणायला तोंड उघडलंही होतं. पण समोर गॅलरीचा कठडा होता, तुम्ही घाबरून उठला असता तर कुठे गेला असता याचा नेम नव्हता. मी तोंड मिटलं.

मग म्हणालो, "त्यो बी भितोय तुला."

तुम्ही पहिल्यांदा मान वळवलीत. "तुला कोण बोललं?"

"त्येच्या घरातलंच हाय माझ्या वळखीचं. तुझी मॅच असली की जेवत न्हाय त्यो."

"खोटं."

"आईशप्पथ."

तुम्ही पुन्हा पोरांकडे बघायला लागलात. तुमच्या मानेवर कापलेले केस पडले होते ते मी फडक्यानं झाडले. मग तुमचे खांदे हलले. मला वाटलं रडताय, पुढे येऊन बघितलं तर तुम्ही हसत होता. आवाज न करता, पोरानं चोरून पेरू खाल्ल्यासारखं. "जेवत न्हाय?" तुम्ही पुन्हा विचारलंत. मी म्हणालो, "घास गिळत न्हाय त्येला." त्या दिवशी तुम्ही पेज मागून घेतलीत.

त्या दुपारबद्दल मी तुमचा किती ऋणी आहे, हे कुणाला सांगून पटायचं नाही. दहा-बारा वर्षं मी एकटाच भित्रा आहे असं समजून मैदानात उतरलो होतो. पण त्याच दुपारी माझी धास्ती वाढलीही. आता मला पक्कं कळलं की तुम्ही मला किती भिता. जर्सी काढली तर काय होईल, याचा विचारसुद्धा मी करत नव्हतो.

आणि शेवटी तेच झालं. तुम्हाला न्यूमोनिया झाला, दवाखान्यात नेलं, पहिले काही दिवस मी रोज जर्सी घालून येत होतो. त्या दिवशी मात्र माझ्या बायकोनं ती धुतली होती आणि गल्लीला दिसू नये म्हणून मोरीतच पिळून टाकली होती. कारखान्याचा हंगाम सुरू झालेला, मी वजनकाट्यावर, उसाच्या ट्रॅक्टरांची रांग गेटच्या बाहेर गेलेली. अक्काचा फोन आला, "डॉक्टर ये म्हणत्यात." मी गाडीला किक मारली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि थांबलो. घर हाकेवर. ओली तर ओली, अंगात घालून जाऊ, असं वाटत होतं. तशीच गाडी वळवलीसुद्धा. मग पुन्हा फोन वाजला आणि अक्का नुसतं "बाळू" म्हणाली. मी घराकडे गेलो नाही.

खाकी कपडे, अंगावर उसाची धूळ, चेहरा आपला तोच. तुमच्या खोलीच्या दारात आलो आणि उंबऱ्याबाहेरच थांबलो. अक्का तुमच्या उशाशी होती. "ये की आत," ती म्हणाली, "दारात काय उभारलाइस?"

मी म्हणालो, "अक्का, जर्सी न्हाय."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तेवढ्यात तुम्ही डोळे उघडलेत. मान थोडी वळली, मी दिसलो. तुमचा हात चादरीवरून वर आला, तळवा माझ्याकडे. बोलवत होता की 'येऊ नको' म्हणत होता, ते मला समजलं नाही, दाजी. अजून समजलेलं नाही. मी तिथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं, असं कधी वाटतं. पण हात अधांतरी थरथरत होता आणि मला तो तसा बघवेना. मी आत गेलो आणि धरला.

तुम्ही ओढून घेतला नाहीत. जोर नव्हता म्हणून असेल. मी म्हणालो, "दाजी, मी बाळू." तुमचे ओठ हलले, आवाज आला नाही. तुमची बोटं माझ्या बोटांवर मिटली, एवढं खरं. भिणारा माणूसही धरतो तसं. मी तुमच्या तोंडाकडे बघायचं टाळत होतो, तिथं काय दिसेल या भीतीनं. खिडकीकडे बघत होतो. म्हणून तुम्ही नेमके कधी गेलात हे मला कळलंच नाही. नर्स आली, तिनं काही बघितलं, डॉक्टरांना बोलावलं, पडदा ओढला, आणि मी तुमचा हात धरून तसाच उभा.

अक्कानं माझी बोटं एकेक करून उकलली. "सोड बाळू," ती म्हणाली. "आता कुणाला भिणार न्हाईत ते."